सांभाळणारीला बदली कोण देणार?

(कामगार वसाहतीतल्या रविवारच्या बैठकीत केलेलं भाषण. बोलताना जसं आलं तसंच ठेवलं आहे, थोडं सारखं करून.)



मागच्या बैठकीत आपण ओव्हरटाईमचा हिशोब बघितला, पगाराची स्लिप कशी वाचायची ते बघितलं. आज अशा एका कामाबद्दल बोलायचं आहे ज्याची स्लिप कुणालाच मिळत नाही. घरी म्हातारे आईवडील विसरायला लागतात, घरचीच माणसं ओळखेनासे होतात, आणि त्यांना कुणीतरी दिवसरात्र सांभाळत असतं. आपण इथे असतो, ते कुणीतरी तिथे असतं. बहुतेक घरांत ती बाई असते. आपली बायको, आई, बहीण, नाहीतर वहिनी.

तुम्ही म्हणाल, कामगारांच्या बैठकीत हा घरगुती विषय कशाला? मी म्हणतो, हाच आपला विषय आहे. आपण इथे आठ तासांची ड्यूटी मागतो, आठवड्याची सुट्टी मागतो, जास्त कामाचा जास्त पैसा मागतो. घरी जी माणूस सांभाळते आहे तिला यातलं काय मिळतं? हा एकच प्रश्न घेऊन मी आज उभा आहे.

आधी आजार समजून घेऊ. मराठीत त्याला स्मृतिभ्रंश म्हणतात, डॉक्टर डिमेन्शिया म्हणतात. त्यातला सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार अल्झायमर. गावात आपण काय म्हणतो? "साठी बुद्धी नाठी." नाहीतर "म्हातारचळ लागलाय." काही ठिकाणी तर "बाहेरचं काहीतरी झालंय" म्हणून देवाला कौल लावतात. मंडळी, हा मेंदूचा आजार आहे. वय झालं की चष्मा कुठे ठेवला ते विसरणं वेगळं, आणि चष्मा हातात घेऊन हा कशासाठी असतो ते न कळणं वेगळं. पहिलं वयाचं आहे, दुसरं आजाराचं. भारतात ६० वर्षांच्या वरच्या शंभर माणसांत साधारण सात जणांना हा आजार आहे, म्हणजे अंदाजे ८८ लाख माणसं. हा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्यात बायकांमध्ये आणि खेड्यांमध्ये प्रमाण जास्त निघालं. म्हणजे आपल्या आया आणि आपली गावं.

म्हणून पहिलं काम, माणसाला डॉक्टरकडे न्या. विसरणं प्रत्येक वेळी डिमेन्शियाच असतं असं नाही. शरीरात बी-१२ कमी असलं, थायरॉइड बिघडलं, मनावर उदासी आली, डोक्याला मार लागून आत रक्त साचलं, तरी माणूस विसरतो, गोंधळतो. यातल्या बऱ्याच गोष्टींवर इलाज असतो. रक्ताची तपासणी आणि गरज लागली तर डोक्याचा स्कॅन, एवढं तरी झालंच पाहिजे. जिल्ह्याच्या सिव्हिल हॉस्पिटलात मानसोपचाराचे डॉक्टर असतात, तिथून सुरुवात करता येते. अजून एक लक्षात ठेवा. कालपर्यंत बरा असलेला माणूस एक-दोन दिवसांत एकदम बरळायला लागला, तर "आजार वाढला" म्हणून गप्प बसायचं नाही. लघवीचा संसर्ग असतो, अंगातलं पाणी किंवा मीठ कमी झालेलं असतं. त्याच दिवशी दवाखाना.

अल्झायमर असेल तर तो मुळापासून बरा करणारं औषध आजतरी नाही. काही गोळ्यांनी काही जणांना काही काळ थोडं बरं वाटतं. बाकीचा सगळा इलाज म्हणजे सांभाळणं. तेच खरं काम, आणि ते वर्षानुवर्षं चालतं.

आता माझ्या घरचं सांगतो. मी रत्नागिरी जिल्ह्यातला. माझे वडील, आण्णा, मुंबईला कापड गिरणीत साचेखात्यात होते. १९८२ च्या संपानंतर गावी आले आणि शेती केली. आता पंचाहत्तरीच्या आसपास आहेत. चार वर्षांपूर्वी विसरायला लागले. आई नाही. मोठा भाऊ विरारला कंपनीत कामाला, बहीण शेजारच्या तालुक्यात दिलेली. गावच्या घरात आण्णा, माझी बायको आणि तिसरीतली मुलगी, असे तिघं.

आण्णा रात्री साडेअकराच्या सुमाराला उठतात आणि डबा शोधतात. त्यांना रातपाळीला जायचं असतं. मिल बंद होऊन किती वर्षं झाली! पण त्यांच्या डोक्यात भोंगा वाजतो. "गिरणी बंद झाली आण्णा, तुम्ही गावाला आहात" असं सांगितलं की चिडतात. खाडा पडेल, पगार कापतील म्हणून घाबरतात. बायको आता वेगळंच सांगते. "आण्णा, आज तुमच्या जागी बदली गेलाय." त्यावर ते म्हणतात, "गेला का? मग ठीक आहे." आणि झोपतात.

तुमच्यात गिरणगावातले कुणी असतील तर त्यांना बदली काय ते माहीत आहे. इतरांसाठी सांगतो. मिलमध्ये कायम कामगार असायचे आणि बदली कामगार असायचे. कायमवाला आला नाही की पाळीच्या वेळेला गेटवर उभ्या असलेल्या बदलीवाल्याला आत घ्यायचे. बदलीवाल्यांचे हाल असायचे. कधी काम मिळायचं, कधी नुसतंच परत जायचं. आण्णा स्वतः पहिली काही वर्षं बदलीवर होते, त्यामुळे ती पद्धत चांगली होती असं मी म्हणत नाही. पण एक गोष्ट मालकालाही कळत होती. माणूस रोज येऊ शकत नाही, आणि साचा तर चालू राहिला पाहिजे. म्हणजे जागेवर दुसरा माणूस तयार पाहिजे.

मागच्या उन्हाळ्यात मी फोनवर बायकोला इथल्या दुपारच्या सुट्टीचं सांगत होतो. तुम्हाला माहीतच आहे, इथे १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावरचं काम बंद ठेवावं लागतं. ती ऐकून म्हणाली, "तुमच्यासाठी सरकार दुपारचं काम बंद करतं. माझ्यासाठी कोण करणार? आण्णांना मी रोज रात्री बदली देते. मला बदली कोण देतं?"

मी साइटवर रोज डेली रिपोर्ट लिहितो. म्हटलं, हिच्या कामाचा पण एक लिहून बघू. तिला विचारून विचारून एका दिवसाचा लिहिला. वाचून दाखवतो.

पहाटे साडेचार. आण्णा उठले, दार उघडायला गेले. कडी वर बसवलेली आहे म्हणून धक्के मारले. समजावून आत आणलं.

सहा. तोंड धुणं. ब्रश हातात दिला तरी त्याचं काय करायचं ते आठवत नाही. तिने स्वतः करून दाखवलं, मग त्यांनी केलं.

सात. आंघोळ. नको म्हणून ओरडले. पाऊण तास गेला.

आठ. मुलीचा डबा, मुलीची शाळा. तोवर आण्णा पडवीत, नजरेसमोर.

साडेआठ. न्याहारी आणि गोळ्या. गोळी गालात धरून ठेवतात, गिळली की नाही बघावं लागतं.

दहा ते बारा. कपडे धुणं, स्वयंपाक. लघवी कपड्यात झाली म्हणून मध्येच पुन्हा सगळं.

एक. जेवण भरवणं, चाळीस मिनिटं. घाई केली की ठसका लागतो.

दोन ते तीन. आण्णा झोपले. तेवढ्यात ती जेवली आणि भांडी घासली.

पाच वाजल्यापासून. "मला घरी जायचंय." घरातच बसून म्हणतात. दिवस मावळताना या आजाराची माणसं जास्त बेचैन होतात. पाणंदीने जाऊन परत, असं तीन वेळा फिरवून आणलं.

रात्री नऊ. झोपवलं. साडेअकरा, रातपाळी. दोन, लघवी. साडेचारला पुन्हा दार.

मी तास मोजले. सतरा भरले. आणि मस्टरवर एकही सुट्टी नाही, चार वर्षांत. इथल्या कायद्यात दिवसाला आठ तास काम आणि जास्तीत जास्त दोन तास ओव्हरटाईम आहे. माझ्या साइटवर कुणाला सतरा तास ठेवलं तर सेफ्टीवाला आधी माझंच नाव लिहील. थकलेला माणूस चूक करतो, पडतो, चिडतो. घरीही तेच होतं. रात्र रात्र न झोपलेल्या बाईचा आवाज चढला तर ती वाईट नसते, ती थकलेली असते. जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलंय की डिमेन्शियाच्या माणसांना सांभाळण्याच्या एकूण तासांपैकी साधारण ७० टक्के तास बायका देतात. आपल्या घरी हा आकडा शंभराच्या जवळ जाईल, कारण पुरुष तर सगळे इथे बसलेत.

मग बदली द्यायची कशी? आम्ही काय केलं ते सांगतो. तुमच्या घरात जसं जमेल तसं बदलून घ्या.

पहिली गोष्ट, म्हातारं माणूस फिरवू नका, सांभाळणारे फिरवा. आपल्याकडे भावाभावांत वाटणी असते. चार महिने तुझ्याकडे, चार महिने माझ्याकडे. आमच्याकडेही हा विषय निघाला की आण्णांना थोडे दिवस विरारला न्यावं. डॉक्टरांनी सांगितलं, जागा बदलली की या आजाराचा माणूस जास्त गोंधळतो. संडास कुठे, दार कुठे, खिडकीबाहेर काय, हे सगळं नव्याने शिकण्याची ताकद त्याच्यात उरलेली नसते. गावच्या घरात पाय आपोआप न्हाणीकडे वळतात, कारण ती पन्नास-साठ वर्षांची सवय आहे. म्हणून वाटणी करायचीच तर दिवसांची करा, माणसाची नको. दादा महिन्यातून एक शनिवार-रविवार गावी येतो. ताई महिन्यातून चार दिवस येऊन राहते. तिचं गाडीभाडं आम्ही दोघे भाऊ देतो. त्या दिवसांत बायको माहेरी जाते, नाहीतर नुसती झोपते. काय करायचं ते तिचं तिने ठरवायचं. सुट्टीत काय केलंस असं मी विचारत नाही. मला कुणी विचारतं का?

दुसरी गोष्ट, रोजची मदत पैसे देऊन घ्या. वाडीतल्याच एक मावशी सकाळी तीन तास येतात. आंघोळ आणि न्याहारी, जिथे सगळ्यात जास्त झटापट असते, तिथे दुसरे दोन हात मिळतात. महिन्याला साडेचार हजार रुपये देतो. मावशींना रविवारी सुट्टी, गणपतीला आणि शिमग्याला भरपगारी सुट्टी. आपण कामगार आहोत. आपल्या घरी कुणी कामाला आलं तर आपण मालक आहोत. आपला मालक कसा असावा असं आपल्याला वाटतं, तसं वागायचं.

तिसरी गोष्ट, पैसा कुणाच्या नावावर जातो ते बघा. बरेच जण पैसे भावाच्या नाहीतर वडिलांच्या खात्यावर पाठवतात, आणि सांभाळणाऱ्या बाईला डायपर आणायला हात पसरावा लागतो. तिच्या स्वतःच्या खात्यावर पाठवा. घरखर्च वेगळा, आजारपणाचा खर्च वेगळा, आणि त्याशिवाय काही रक्कम फक्त तिची. ही मेहरबानी नाही. मोठा भाऊ बाहेरच्या शहरात असेल, तो हात वर करून "तुझी बायको आहे ना गावाला" म्हणत असेल, तर त्याच्याशी बोलायचं काम आपलं आहे. ते तिच्या गळ्यात घालायचं नाही. सून म्हणून तिने केलंच पाहिजे असं समजणाऱ्यांना विचारा, कायदा काय म्हणतो? आईवडिलांच्या पालनपोषणाचा २००७ चा कायदा आहे, त्यात जबाबदारी आधी मुलाची आणि मुलीची सांगितली आहे.

ज्यांना भाऊबहीण नाहीत, त्यांनी वाडीत बोला. बचत गटातल्या बायका, शेजारी, आशाताई. आशाताईला घरातल्या आजाराची माहिती असली तर आरोग्य केंद्राला कळतं. लपवून ठेवलेल्या आजाराला बदली मिळत नाही. लाज वाटण्यासारखं यात काही नाही.

आता आपण इथून काय करू शकतो? आपल्या हातात फोन आहे. पण फोन कसा करायचा ते शिकावं लागतं. आपण बोटिमवर व्हिडिओ लावतो आणि पहिलाच प्रश्न विचारतो, "ओळखलंत का? मी कोण सांगा?" मंडळी, ही परीक्षा घेऊ नका. उत्तर आलं नाही की त्यांनाही वाईट वाटतं आणि आपल्यालाही. सरळ सांगा, "आण्णा, मी तुमचा धाकटा मुलगा, दुबईहून बोलतोय." नाव, नातं, गाव सगळं आपणच सांगायचं. एका वेळी एक वाक्य. त्यांनी चुकीचं काही सांगितलं तर दुरुस्त करू नका. आण्णा मला कधी कधी त्यांच्या मिलमधला जोडीदार समजतात. मग मी साच्याबद्दल विचारतो. ते खुशीत सांगतात. कुठल्या नावाने का होईना, बोलणं तर होतं. आणि फोन दुपारी करा. आपण आठला मेसमध्ये जेवून फोन लावतो तेव्हा तिकडे साडेनऊ वाजलेले असतात. एवढ्या कष्टाने झोपवलेलं माणूस आपल्या फोनने उठतं.

त्यांनी चोरीचा आळ घेतला, "सुनेने पैसे घेतले, मला जेवायला देत नाही" असं फोनवर सांगितलं, तर लगेच बायकोवर ओरडू नका. हा आजाराचाच भाग आहे. वस्तू कुठे ठेवली ते आठवत नाही, मग मेंदू म्हणतो कुणीतरी नेली. पण हेही सांगतो, म्हातारी माणसं खरंच उपाशी राहतात, मार खातात अशीही घरं आहेत. म्हणून अंगावरचे वळ, घटलेलं वजन, याकडे लक्ष ठेवा. फक्त शब्दावर निकाल देऊ नका.

सांभाळणारीला मात्र रोज एक प्रश्न विचारा. "आण्णा कसे आहेत" हा नंतर. आधी "तुझी झोप झाली का?" आणि इथून सल्ले कमी द्या. साइटवर न येता ऑफिसातून ड्रॉइंग बदलणारा माणूस आपल्याला कसा वाटतो? तसंच आहे ते. त्यापेक्षा इथून करता येतील अशी कामं अंगावर घ्या. औषध संपायच्या आधी मागवणं, डॉक्टरची वेळ घेणं, वीजबिल भरणं, दादाला आठवण करणं. तिच्या डोक्यावरचं तेवढं उतरतं.

आता घराची सेफ्टी. साइटवर आपण राउंड मारतो तसा घरात मारायला लावा. विहिरीवर जाळी. गॅसचा रेग्युलेटर रात्री बंद. कोयती, विळी, फवारणीचं औषध, गोळ्यांचा डबा कुलपात. न्हाणीत पकडायला दांडा आणि पायाखाली न घसरणारी चटई. रात्री संडासच्या वाटेवर छोटा दिवा. बाहेरच्या दाराची कडी डोळ्यांच्या रेषेच्या वर, पण आग लागली तर घरच्यांना चटकन उघडता यावी अशी. घरात माणूस एकटं असताना बाहेरून कुलूप कधीच नको. गळ्यात किंवा मनगटावर नाव, गाव आणि दोन फोन नंबर. एसटी स्टँडवरच्या चहावाल्याला आणि रिक्षावाल्यांना फोटो दाखवून ठेवा. आण्णा दोनदा स्टँडपर्यंत गेले, दोन्ही वेळा रिक्षावाल्यांनीच आणून सोडलं. त्यांना मुंबईची गाडी पकडायची होती.

आता रजा. हा आपल्या हक्काचा भाग, नीट ऐका. मी यूएईबद्दल बोलतोय, बाकी देशांतल्या भावांनी आपापला कायदा बघावा. इथे खाजगी कंपन्यांना लागू असलेला २०२१ चा ३३ क्रमांकाचा कामगार कायदा २ फेब्रुवारी २०२२ पासून चालू आहे. एक वर्ष नोकरी झाली की वर्षाला ३० दिवस भरपगारी रजा. तारखा कंपनी कामाच्या गरजेप्रमाणे तुमच्याशी बोलून ठरवू शकते, पण तुमची साठलेली रजा दोन वर्षांपेक्षा जास्त अडवून ठेवता येत नाही. आई किंवा वडील वारले तर तीन दिवस भरपगारी रजा आहे. आजारी आईवडिलांना सांभाळायला मात्र वेगळी रजा या कायद्यात नाही. माणूस मेल्यावर तीन दिवस, जिवंत आहे तोवर शून्य. यावर आपण संघटितपणे बोललं पाहिजे, आणि म्हणून हा विषय मी बैठकीत आणला. तोपर्यंत हातात आहे ती वार्षिक रजा आणि बिनपगारी रजा. बिनपगारी रजा कंपनीच्या संमतीने मिळते आणि ते दिवस नोकरीच्या काळात धरत नाहीत, म्हणजे ग्रॅच्युइटीच्या हिशोबातून जातात. संमती लेखी घ्या. न सांगता लागोपाठ सात दिवसांपेक्षा जास्त गैरहजर राहिलं तर नोटीस न देता काढता येतं. आणि सहा महिन्यांपेक्षा जास्त देशाबाहेर राहिलात तर साधारणपणे इथला व्हिसा बाद होतो. पासपोर्ट कंपनीने ठेवून घेणं कायद्याने मना आहे. तो आपल्याजवळ असला तर अडचणीच्या रात्री विमान गाठता येतं. भांडण झालंच तर भारतीय सहायता केंद्राचा ८००४६३४२ हा नंबर इथून फुकट लागतो.

या तीस दिवसांचं काय करायचं? मी साफ सांगतो, ती रजा म्हणजे तुमची बदलीची पाळी. आंघोळ घाला, रात्री उठा, लघवीचे कपडे बदला. पहिले तीन दिवस कठीण जातं, मग हात बसतो. आणि त्याच रजेत कागद पूर्ण करा.

कागदांबद्दल चार गोष्टी. एक, पुष्कळ जणांना वाटतं वडिलांकडून मुखत्यारपत्र करून घेतलं की झालं. मुखत्यारपत्र देणाऱ्याची समज गेली की ते कायद्याने संपतं. पुढे कोर्टातून पालक नेमून घ्यावा लागतो, ते लांबचं काम आहे. म्हणून आजार कळला आणि माणसाला अजून समजतंय, तेव्हाच बँकेतलं जोडखातं, वारस म्हणून नाव, मृत्युपत्र, हे त्यांच्या इच्छेने आणि वकिलाच्या सल्ल्याने करून घ्या. दोन, समज नसलेल्या माणसाचा अंगठा जमिनीच्या कागदावर घेऊ नका आणि कुणाला घेऊ देऊ नका. तसा व्यवहार कायद्यात टिकत नाही. आमच्या कोकणात दलाल घरी येऊन बसतात. घरच्या बाईला सांगून ठेवा, चहा द्या, कागद नको. तीन, ७० वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारतचं कार्ड मिळतं. ऑक्टोबर २०२४ पासून ते चालू झालं. त्यात हॉस्पिटलात भरती झाल्यावरचा वर्षाला पाच लाखांपर्यंतचा खर्च येतो. घरच्या सांभाळण्याचा खर्च त्यात येत नाही. चार, गरीब घरातल्या ६५ च्या वरच्यांना श्रावणबाळ योजनेचे महिना १५०० रुपये मिळू शकतात, तहसील कार्यालयात अर्ज करायचा. सल्ल्यासाठी ज्येष्ठांची हेल्पलाईन १४५६७, आणि सांभाळणाऱ्याच्या मनावर ताण आला तर टेलिमानस १४४१६, दिवसरात्र. हे दोन्ही नंबर घरच्यांनी तिकडून लावायचे. आज रात्रीच त्यांना पाठवा.

एक आपल्यासाठी. रात्री घरून वाईट फोन आला आणि सकाळी उंचीवर काम असेल, तर फोरमनला सांगा. माझ्या टीममधल्या माणसाने असं सांगितलं तर मी त्याला त्या दिवशी खाली काम देतो, खाडा लावत नाही. बाकीच्या सुपरवायझरांनीही हे करावं, मी त्यांच्याशी बोलणार आहे.

शेवटचं सांगतो आणि बसतो. या कॅम्पमध्ये दर महिन्याला कुणी ना कुणी सुट्टीवर जातं. आपण त्याच्याकडे घरी द्यायला खजूर देतो, टँगचा डबा देतो, एखादा फोन देतो. आता अजून एक द्यायचं. ज्याच्या घरी असं आजारी माणूस आहे, त्याच्या जवळच्या गावचा कुणी जात असेल, तर त्याने त्या घरी एक अर्धा दिवस बसायचं. आधी घरच्या बाईला फोनवर विचारायचं, तिला चालत असेल तरच जायचं. नुसतं भेटून चहा पिऊन उठायचं नाही. म्हाताऱ्या माणसाजवळ बसायचं आणि घरच्या बाईला म्हणायचं, "वहिनी, तुम्ही जा, झोपा. मी आहे." रत्नागिरीवाला रत्नागिरीत, साताऱ्याचा साताऱ्यात, बीडचा बीडमध्ये. मी वही आणली आहे. घरी आजारी आहे त्याने नाव आणि तालुका लिहायचा, सुट्टीवर जाणाऱ्याने तारीख लिहायची. पुढच्या महिन्यात कोकणात जाणारे दोघं आहेत, त्यांची नावं मी आधीच घेतली आहेत.

वही दारापाशी ठेवली आहे. पेन बांधलेला आहे, नेऊ नका.